सोसायटीच्या इमारतीची भूकंप-तपासणी कशी करून घ्यायची? पहिल्यांदाच करणाऱ्या मुंबईकरांसाठी

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली होती. १ फेब्रुवारी २०१९ ला तिकडे ४.१ रिश्टरचा धक्का बसला आणि पुढे काही दिवसांनी आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, की आज रात्री मोठा भूकंप होणार आहे. मी खाली उतरलो तर पाच-सहा कुटुंबं चटया टाकून बसली होती. आज्या, लहान मुलं, पाण्याच्या बाटल्या. बसली होती ती स्टिल्ट पार्किंगमध्ये. वर सात मजले आणि खाली नुसते कॉलम. भूकंपात जो मजला सगळ्यात आधी दगा देतो, नेमक्या त्याच मजल्यावर सगळे जीव वाचवायला जमले होते. तेव्हा हे मलाही ठाऊक नव्हतं. मीही तिथेच पहाटेपर्यंत बसून राहिलो.

त्यानंतर सचिव म्हणून इमारतीची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिला अहवाल वाया गेला, दुसऱ्याने काम झालं. आम्ही जिथे अडखळलो तिथे तुम्ही अडखळू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. आधी तारीख विचारणं सोडा

भूकंपाचा दिवस, वेळ आणि जागा आधी सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड नावाचं गाव आहे. तिथे साधारण बावीस वर्षांच्या अंतराने जवळपास सारख्याच ताकदीचे भूकंप होत आले होते. त्यावरून शास्त्रज्ञांनी सांगितलं, की पुढचा १९९३ च्या आत होईल. सगळा परिसर उपकरणांनी भरून टाकला. भूकंप आला सप्टेंबर २००४ मध्ये, आणि इतकी उपकरणं असूनही आधी स्पष्ट अशी कोणतीही खूण मिळाली नाही. आपल्याकडे कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खणून अभ्यास चालला आहे. तोही भूकंप कसा घडतो हे समजून घेण्यासाठी आहे, तारखा देण्यासाठी नाही.

शास्त्रज्ञ शक्यता मात्र सांगू शकतात. एखाद्या भागात ५ रिश्टरचे दहा धक्के होत असतील तर ६ चा साधारण एक होतो, या हिशोबाने लांब पल्ल्याचा अंदाज बांधता येतो. अहवालात 'पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यता' असं वाचाल, तोच हादरा 'सरासरी ४७५ वर्षांतून एकदा' असाही लिहिलेला असतो. यातला सरासरी हा शब्द सोडू नका. असा हादरा काल बसला म्हणून पुढची ४७५ वर्षं सुट्टी मिळत नाही.

दोन शब्द मात्र वेगळे ठेवा, कारण पुढचं सगळं काम त्यांवर उभं आहे. धोका म्हणजे तुमच्या जागी जमीन किती जोरात हलू शकते. तो आपल्या हातात नाही. जोखीम म्हणजे ती तशी हलली तर तुमच्या इमारतीचं आणि त्यातल्या माणसांचं काय होईल. ती बरीचशी आपल्या हातात आहे.

सापळा: राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' हे अॅप जरूर ठेवा, पण ते झालेल्या धक्क्याची माहिती देतं. जपानमधली पूर्वसूचनाही भूकंप सुरू झाल्यावर, लाटा तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी काही सेकंद मिळते. उद्याचा भूकंप आज सांगणारा मेसेज कुणाच्याही नावाने आला तरी पुढे पाठवू नका.

२. मुंबईचा धोका समजून घ्या

भारतीय मानक क्रमांक १८९३ (इमारतीला भूकंपाचा किती जोर धरायचा याचे नियम), त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत देशाचे झोन २ ते झोन ५ असे चार भाग आहेत आणि मुंबई झोन ३ मध्ये आहे. आडव्या जोराच्या हिशोबात वापरायचा गुणांक झोन २ ला ०.१०, ३ ला ०.१६, ४ ला ०.२४ आणि ५ ला ०.३६. मानकं बदलत असतात, म्हणून तुमचा इंजिनीअर सध्या लागू असलेली आवृत्ती वापरतो आहे ना, हे त्याला विचारा.

'तीन म्हणजे मध्यम, मध्यम म्हणजे काळजी नको' हे वाक्य आमच्या सभेत चार वेळा ऐकलं. मी त्यावर दोन ठिकाणांची नावं घ्यायचो. पहिलं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसं गेली, आणि तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होती. २००२ च्या नकाशातून झोन १ काढूनच टाकला. दुसरं अहमदाबाद. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला कच्छमध्ये, अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. तरी तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच खाली पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या होत्या. अहमदाबाद झोन ३ मध्ये आहे, मुंबईसारखंच. मला वाटतं, स्टिल्टच्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक मुंबईकराने भूजपेक्षा अहमदाबादचे फोटो बघावेत. आपलंच घर वाटतं. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप मुंबईतही जाणवला होता, हे घरातल्या वयस्कर मंडळींना विचारलंत तर तेच सांगतील.

झोन सगळ्या शहराला एक असला तरी पायाखालची जमीन एक नाही. काळ्या पाषाणावरची इमारत आणि खाडीच्या मातीवर भराव टाकून उभारलेली इमारत एकाच धक्क्यात वेगवेगळी हलते. मऊ गाळ हादरा वाढवतो. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी भूकंपाच्या केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर असूनही हादरली, कारण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या गाळावर आहे. मुंबईचा मोठा भाग भरावाचा, म्हणून 'आमच्याखाली काय आहे?' हा प्रश्न तपासणीच्या यादीत पहिल्या पानावर हवा.

३. कागद गोळा करा

इंजिनीअरला बोलावण्याआधी हे जमवा. याला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

- मंजूर नकाशे आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. बांधकामाचं वर्ष यावरून ठरतं आणि वर्षावरून बरंच कळतं. भूकंपासाठी सळया कशा बांधाव्यात याचं स्वतंत्र मानक, १३९२०, हे १९९३ मध्ये आलं. त्याआधीच्या इमारतीकडून त्या अपेक्षा धरता येत नाहीत.
- आरसीसी ड्रॉइंग. कॉलम केवढा, त्यात सळया किती, रिंगा (उभ्या सळयांभोवतीची कडी) किती अंतरावर.
- मातीचा अहवाल.
- आधीचे स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीची बिलं.
- नंतर झालेल्या बदलांची यादी: गच्चीवरची जादा टाकी, मोबाइल टॉवर, पत्र्याची शेड, घरात पाडलेल्या भिंती, बंद केलेल्या बाल्कन्या.

नकाशे सापडत नसतील तर पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे प्रतींसाठी अर्ज करा, नाही जमलं तर माहितीच्या अधिकारात मागा. आरसीसी ड्रॉइंग मिळालीच नाहीत तर खचू नका. आम्हाला मिळाली नव्हती. सळया शोधणाऱ्या यंत्राने आणि काही ठिकाणी गिलावा काढून ती नव्याने उभी करता येतात, फक्त खर्च वाढतो. मातीच्या अहवालासाठी एक युक्ती सांगतो: शेजारी पुनर्विकास चालू असेल तर त्यांनी बोअर मारलेलेच असतात. विनंती करून त्यांचा अहवाल पाहा. आम्हाला असंच कळलं, की आमच्या कुंपणापासून हातभर अंतरावर पाच मीटरपर्यंत भराव आणि त्याखाली मुरूम आहे.

४. इंजिनीअरच्या आधी स्वतः फेरी मारा

बरोबर बॅटरी, मोजपट्टी, खडू आणि मोबाइल घ्या. कमिटीतले दोघे आणि जुना वॉचमन. आमच्या वॉचमनमामांना कुठला पाइप कधी फुटला हे तारखेनिशी आठवत होतं, त्याचा फार उपयोग झाला.

खाली काय पाहायचं? वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती आहेत आणि स्टिल्टला काहीच नाही, म्हणजे वरचं खोकं घट्ट आणि खालचे पाय मोकळे. धक्का बसला की सगळं वाकणं त्या एका मजल्यावर येतं. इंजिनीअर याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. एखादा कॉलम वरून येऊन खाली बीमवरच संपतोय का, तेही बघा.

मग अर्धवट भिंती शोधा. आमच्या मीटररूमशेजारी दोन कॉलमच्या मध्ये कमरेएवढी भिंत कुणीतरी सायकली लावायला बांधली होती. निरुपद्रवी दिसायची. इंजिनीअर तिच्याजवळ आला आणि थांबला. त्याने सांगितलं, की भिंतीने कॉलमचा खालचा भाग जखडून टाकला आहे. हलायला फक्त वरचा तुकडा उरला, आणि आखूड कॉलम ताठ असल्यामुळे जास्त जोर स्वतःवर ओढून घेतो आणि तिरका फुटतो. ती भिंत कॉलमपासून सुटी करायला गवंड्याला एक दिवस लागला. पूर्ण तपासणीत इतक्या स्वस्तात दुसरं काहीच झालं नाही.

शेजारच्या इमारतीपासूनचं अंतर मोजा. अगदी चिकटून असतील आणि स्लॅबच्या पातळ्या वेगळ्या असतील, तर एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमवर आदळू शकतो. भेगा, फुगलेला गिलावा, गंजाचे तांबूस ओघळ दिसतील तिथे खडूने क्रमांक टाका आणि फोटो काढा.

चाळीत किंवा जुन्या लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच वजन पेलणाऱ्या इमारतीत राहत असाल तर कॉलम नसतील, तिथे भिंतींचे कोपरे, लाकडी तुळयांची टोकं आणि भिंती एकमेकींना बांधलेल्या आहेत का, हे पाहावं लागतं. त्यांचं मानक वेगळं, १३९३५. उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाशीही बोलावं लागेल.

५. काम देताना पत्रात काय लिहायचं

इथेच आमचे पैसे बुडाले, म्हणून थोडं सविस्तर.

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. शिवाय ३० वर्षांपुढच्या इमारतीला पालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आम्ही तेच ऑडिट मागवलं आणि समजलो, यात भूकंप आलाच. तो आला नव्हता. नेहमीचं ऑडिट इमारत किती जीर्ण झाली, काँक्रीट आणि सळई कशी आहे, आजच्या वजनाखाली ती उभी राहील का, हे सांगतं. जमीन आडवी हलली तर काय होईल, हा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नसतो. पहिला अहवाल आला, चाळीस पानांचा, फोटोंनी भरलेला. 'भूकंप' हा शब्द त्यात एकदाच होता, तोही प्रस्तावनेत. सल्लागाराला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही मागितलंच नव्हतं." त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्यांदा पत्रात आम्ही हे मुद्दे लिहिले. जसेच्या तसे वापरा:

"भारतीय मानक १५९८८ नुसार इमारतीचं प्राथमिक आणि गरज पडल्यास सविस्तर भूकंप-मूल्यमापन करावं. लागू आवृत्तीच्या १८९३ प्रमाणे आडव्या जोराचा हिशोब द्यावा. जमिनीचा प्रकार कोणता धरला आणि का, ते लिहावं. सॉफ्ट स्टोरी, आखूड कॉलम, पीळ आणि शेजारील इमारतीशी टक्कर यांवर वेगळा शेरा द्यावा. बळकटीकरणाचे किमान दोन पर्याय खर्चासह द्यावेत."

तीन दरपत्रकं मागवा, पण तिघांना हेच पत्र द्या. नाहीतर स्वस्त दरपत्रक म्हणजे कमी काम, एवढंच निघतं. इंजिनीअरला विचारा, की याआधी भूकंप-मूल्यमापन केलं आहे का, आणि त्याचा हिशोब दाखवू शकाल का. बिल्डर किंवा दुरुस्तीचा ठेकेदार फुकट तपासणी करून देतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. तपासणारा आणि काम करणारा वेगळाच हवा.

६. चाचण्यांच्या दिवशी हजर राहा

सुट्टी काढा, पण हजर राहा. रिबाउंड हॅमर म्हणजे कॉलमवर दाबायची स्प्रिंगची नळी. पटापट आकडे येतात म्हणून बरेच जण तेवढ्यावरच थांबतात. ती फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगते, आणि जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा खोटा चांगला येतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनीचा वेग मोजतात, सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर बरं, ३ च्या खाली असेल तर शंका. हाफ-सेल चाचणी सळईच्या गंजाची शक्यता सांगते. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं, की गंज चालू आहे असं धरा. सगळ्यात विश्वासाचा कोअर: कॉलममधून काँक्रीटचा दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून फोडतात.

एक चाचणी डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. चाचणी करायला आलेल्या मुलाने स्टिल्टमधल्या एका कॉलमचा तुकडा फोडला, ताज्या तुटलेल्या भागावर बाटलीतून फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. निरोगी काँक्रीट लगेच गडद गुलाबी होतं. आमच्याकडे बाहेरून आतपर्यंत दोन बोटं रुंद पट्टा कोराच राहिला, गुलाबी रंग त्याच्या आत सुरू झाला. सळई कोऱ्या पट्ट्यातच होती. काँक्रीटचा जो क्षारगुण सळईला गंजापासून वाचवतो तो तिथून केव्हाच निघून गेला होता. सभेत दहा पानं वाचून जे पटलं नसतं, ते मोबाइलवरच्या त्या एका फोटोने पटलं. तुम्हीही फोटो काढा.

गिलावा उघडला असेल तेव्हाच रिंगाही बघा. भूकंपासाठी रिंगेचं टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेलं असायला हवं. जुन्या कामात ते ९० अंशांतच सोडलेलं असतं. धक्क्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं, की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ आहेत का, हेही मोजून घ्या.

७. अहवाल वाचताना

पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२-अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२-ब म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही वर्गवारी जीर्णतेची आहे. सी-३ इमारतही भूकंपात कमकुवत ठरू शकते, आमची ठरली.

म्हणून वेगळं पान शोधा: आडव्या जोराचं. झोन ३ मध्ये कमी उंचीच्या नेहमीच्या आरसीसी इमारतीला स्वतःच्या वजनाच्या साधारण चार ते आठ टक्के आडवा जोर झेपावा असा हिशोब येतो. टक्का लहान दिसतो, पण सात मजल्यांचं वजन काढून बघा. कोणते कॉलम तो झेलतात आणि कोणते नाही, याचा तक्ता नसेल तर अहवाल परत पाठवा. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध असतील तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं.

८. सभा, पैसे, काम

अहवाल सारांशासह आधी आठ दिवस सगळ्यांना द्या आणि सभेला इंजिनीअरलाच बोलवा. सचिवाने समजावलं तर तो सचिवाचा हट्ट वाटतो. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीत किती आहे ते आधी सांगून टाका.

स्टिल्टच्या इमारतीत उपाय बहुतेक तीन असतात: ठरावीक गाळ्यांत (दोन कॉलममधल्या मोकळ्या जागांत) काँक्रीटच्या भिंती, लोखंडी तिरके पट्टे, किंवा कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवा भक्कम थर चढवणं. आमच्याकडे चार गाळ्यांत भिंती आल्या आणि दोन पार्किंग गेली. भांडण भूकंपावरून झालं नाही, त्या दोन गाड्यांवरून झालं. शेवटी वर्षाआड फिरती पार्किंग ठरली. भिंतींची जागा कुणाच्या सोयीने हलवू देऊ नका. एकाच बाजूला भिंती घातल्या तर धक्क्यात इमारत पीळ खाते. पालिकेची कोणती परवानगी लागेल हे इंजिनीअरकडून लेखी घ्या. आणि ठेकेदार 'पॉलिमर मॉर्टर मारून रंग देतो, झालं बळकट' म्हणाला तर ऐकू नका. त्याने गंज झाकला जातो, आडवी ताकद वाढत नाही.

९. घरातलं, आजच

याला अहवाल लागत नाही. उंच कपाटं भिंतीला पट्टीने बांधा, पलंगावरची जड फ्रेम काढा, गॅस कुठे बंद होतो ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. हादरा चालू असताना जिन्याकडे किंवा लिफ्टकडे पळू नका. खाली वाका, भक्कम टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून ठेवा. थांबलं की चपला घालून जिन्याने उतरा. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

उतरून कुठे जमायचं हे आजच ठरवा. आमची जागा आता मागच्या गल्लीतलं मैदान आहे, इमारतीपासून लांब, वर विजेच्या तारा नाहीत. स्टिल्टमधल्या नव्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने तसा बाण काढला आहे. मागचं गेट रात्री बंद असतं, त्याची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला आणि दुसरी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे.